याकोबाचं कपट आणि आपली युक्ती

आंधळ्या बापाने विचारलं की तू कोण, आणि धाकट्याने सांगितलं की मी एसाव, तुमचा थोरला. बायबलच्या जुन्या कराराच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात, याकोब हे उत्तर देतो. उत्तर म्हणजे चक्क थाप आहे. अंगावर भावाचे कपडे, हातांवर आणि मानेवर करडांची कातडी, पुढ्यात आईने शिकारीच्या चवीचं रांधलेलं मटण, आणि तोंडात थाप. ज्याच्यापासून इस्राएलचे बारा वंश झाले त्या कुलपुरुषाची ही कमाई.

अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा या गावी राशी नावाचा मोठा ज्यू भाष्यकार होऊन गेला. त्याला हे सोसेना. हिब्रू पोथीत विरामचिन्हं नसतात, तेव्हा त्याने वाक्य मधेच तोडलं. 'मी', इथे थांबा. मी म्हणजे तुमच्यासाठी जेवण घेऊन आलेला तो मी. आणि मग पुढे, एसाव तुमचा थोरला. म्हणजे एसाव हा तुमचा थोरला मुलगा आहे, हेही खरंच. दोन खरी वाक्यं, मधे एक श्वास. बापाने ती जोडून ऐकली तर याकोबाचा काय दोष?

मराठी वाचकाला इथे हसू फुटणार हे नक्की, कारण आपण हे लहानपणापासून ओळखतो. नरो वा कुंजरो वा. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावणारं युधिष्ठिराचं ते अर्धं वाक्य आणि राशीने याकोबाच्या तोंडी घातलेला तो श्वास, दोन्ही एकाच टाकसाळीतली नाणी. राशीनंतर काही दशकांनी अब्राहम इब्न एझ्रा या स्पेनमधल्या भाष्यकाराने ही फोड वाऱ्यावर सोडून दिली. त्याचं म्हणणं सरळ होतं: वेळप्रसंगी थोर माणसंही खोटं बोलली आहेत, त्यासाठी व्याकरणाला पिळू नका. मला इब्न एझ्रा जवळचा वाटतो. पण राशीची धडपडही मी हसण्यावारी नेणार नाही. तिच्यामागे एक भीती आहे, तिच्याकडे पुढे येते.

महाभारतात शिक्षा तिथल्या तिथे होते. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकतो, विषय संपतो. हिब्रू कथेत कोणताही रथ खाली येत नाही. आकाशवाणी नाही, शाप नाही, निवेदक तोंडातून अवाक्षर काढत नाही. तो फक्त पुढची गोष्ट सांगत राहतो.

एसाव परत येतो, खरं कळतं, आणि इसहाक म्हणतो की तुझा भाऊ आला आणि तुझा आशीर्वाद घेऊन गेला. कसा आला? मूळ हिब्रू शब्द आहे 'मिर्मा'. मराठी बायबलात इथे कपट हा शब्द येतो आणि तो नेमका आहे. पण इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत हीच पोथी अरामी भाषेत नेणाऱ्या ओंकेलोसच्या भाषांतरात या जागी जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो शहाणपण. तुझा भाऊ शहाणपणाने आला! पुढे चौतिसाव्या अध्यायात शिमोन आणि लेवी बहिणीच्या अब्रूचा सूड म्हणून एक अख्खं गाव फसवून कापून काढतात, तिथेही मूळात मिर्मा आहे, आणि तिथेही ओंकेलोस शहाणपण लिहून मोकळा होतो.

मराठीला हे अवघड जाऊ नये. आपल्याकडे या एका गोष्टीसाठी शब्दांची उतरंड आहे. युक्ती, हिकमत, डाव, कावा, चलाखी, लबाडी, फसवणूक, कपट, दगा. वरचे शब्द आपण आपल्या माणसांसाठी ठेवतो, खालचे दुसऱ्यांसाठी. कृत्य तेच असतं. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी वाघाला गंडवते तेव्हा ती युक्ती. कोल्हा गंडवतो तेव्हा लबाडी. मला वाटतं, एखाद्या समाजाने कोणत्या फसवणुकीला कोणता शब्द लावला एवढं पाहिलं तरी त्याचा अर्धा इतिहास हाती लागतो.

याकोबाचं नावच मुळी ठपका आहे. जुळ्यांपैकी हा दुसरा, थोरल्याची टाच धरून जन्मलेला. हिब्रूत टाचेला 'आकेव' म्हणतात, त्यावरून 'याकोव'. एसाव आशीर्वाद हुकल्यावर याच नावावर श्लेष करतो: बरोबर नाव ठेवलंय याचं, दोनदा टाच मारली मला. पहिल्यांदा मसुराच्या कालवणासाठी थोरलेपण विकत घेतलं, आता आशीर्वाद नेला. पुढे यिर्मया संदेष्टा आपल्या काळातल्या लोकांना झोडपताना हाच श्लेष वापरतो, की इथे प्रत्येक भाऊ याकोबगिरी करतो. ज्या पोथीला कुलपुरुषाचं नाव असं वापरता येतं तिच्याविषयी मला आदर वाटतो.

मग पोथी हिशेब मांडायला लागते. रिबका मुलाला सांगते की थोडे दिवस माझ्या भावाकडे जाऊन राहा, एसावाचा राग निवळला की बोलावते. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षं होतात. आईची आणि मुलाची परत भेट झाल्याचं पोथीत कुठेही नाही. बेत तिचा होता, स्वयंपाक तिचा होता, मुलाने शापाची भीती बोलून दाखवली तेव्हा तो शाप माझ्यावर घेते असं तीच म्हणाली होती. तिच्या मरणाचीही नोंद नाही. तिच्या दाईच्या मरणाची आहे.

मामा लाबान हा याकोबाचा गुरू शोभावा असा इसम. धाकटी राहेल याकोबाच्या मनात भरते, तिच्यासाठी तो सात वर्षं राबतो. लग्नाच्या रात्री अंधारात लाबान थोरल्या लेआला आत पाठवतो. सकाळी याकोब ओरडतो की मला का फसवलंत, आणि त्याच्या तोंडी जे क्रियापद आहे ते 'मिर्मा'च्याच धातूचं. लाबान शांतपणे सांगतो की आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीचं उरकायची पद्धत नाही. आमच्याकडे! म्हणजे तुमच्याकडे काय चालतं ते आम्ही ऐकून आहोत. पोथी एवढंच लिहून थांबते. पुढच्या काळातल्या ज्यू कथाकारांनी मात्र ही जागा सोडली नाही. त्यांच्या कथेत लेआ रात्रभर राहेलच्या नावाला ओ देते. सकाळी याकोब तिला ठकाची पोर म्हणतो, तेव्हा ती विचारते की चेल्याशिवाय गुरू असतो का? तुमच्या वडिलांनी एसाव म्हणून हाक मारली, तुम्ही ओ दिलीत. तुम्ही राहेल म्हटलंत, मी ओ दिली.

ही लेआ मला फार आवडते. पोथीत तिचे डोळे अधू आहेत एवढंच तिचं वर्णन. तिला बोलतं केलं ते पुढच्या लोकांनी.

आणि मग करडू. सगळ्या प्रकरणात ते मधूनमधून फिरत राहतं आणि मला त्याचं अजून नवल वाटतं. याकोबाने बापाला फसवलं ते करडाच्या कातडीने. म्हातारपणी त्याचे मुलगे योसेफाला विकतात, त्याचा लाडाचा झगा बोकडाच्या रक्तात बुडवतात आणि बापापुढे टाकतात: ओळखा पाहू, तुमच्या मुलाचा आहे का? बाप ओळखतो. योसेफाला विकायची कल्पना यहूदाची. लगेच पुढच्या अध्यायात यहूदाची विधवा सून तामार चेहरा झाकून रस्त्याकडेला बसते, कारण सासऱ्याने धाकट्या दिराशी लग्न लावून द्यायचा शब्द पाळलेला नसतो. तो तिला वेश्या समजतो आणि मोबदला कबूल करतो, एक करडू. तारण म्हणून ती त्याची मोहोर, दोरी आणि काठी ठेवून घेते. गरोदरपण उघड झाल्यावर सासरा तिला जाळायला काढतो, तेव्हा त्या तीन वस्तू ती त्याच्याकडे पाठवते: ओळखा पाहू, कोणाच्या आहेत? हिब्रूत अगदी तेच दोन शब्द आहेत, जे मुलांनी बापाला ऐकवले होते. यहूदा कबूल करतो की ती माझ्यापेक्षा खरी. याच तामारच्या पोटी दाविद राजाचा वंश पुढे जातो.

जर्मन पंडित हेर्मान गुंकेल याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हटलं होतं की या गोष्टी मुळात लोकांनी हसत हसत सांगितल्या असतील. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या माणसांनी शिकारी एसावाची जिरवल्याच्या गोष्टी. पटण्यासारखं आहे. १९८७ साली सुझन निडिच या अमेरिकन अभ्यासक बाईंनी याच कथांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात चतुर ठक आणि दुबळा नायक हे दोघे एकत्र ठेवून पाहिले. तोही धागा खरा आहे. धाकटा मुलगा, परक्याच्या घरचा जावई, विधवा सून, नावडती बायको. यांच्याकडे तलवार नाही, वतन नाही. असेल ते डोकं.

निर्गमच्या सुरुवातीला फारोह दोन सुइणींना हुकूम देतो की इब्री बायकांना मुलगा झाला तर मारून टाका. शिफ्रा आणि पुआ मारत नाहीत. जाब विचारल्यावर सांगतात की इब्री बायका भारी दणकट, आम्ही पोचायच्या आत बाळंत होतात! या थापेबद्दल देव त्यांची घरं भरभराटीला आणतो असं पोथी स्पष्ट लिहिते. फारोहचं नाव काय होतं ते पोथी सांगत नाही. दोन सुइणींची नावं सांगते.

यापुढच्या दोन गोष्टी महाराष्ट्रात वाढलेल्या कोणाला सांगून बघा. शास्तेच्या पुस्तकातला एहूद हा डावखुरा. मवाबचा राजा एग्लोन अगडबंब देहाचा आणि इस्राएलवर अठरा वर्षं सत्ता गाजवणारा. एहूद खंडणी घेऊन जातो, दुधारी कट्यार उजव्या मांडीला कपड्याआड बांधतो, कारण झडती घेणारा डावी मांडी चाचपणार. एक गुप्त निरोप आहे म्हणून एकांत मागतो. राजा उठतो, आणि डाव्या हाताने कट्यार पोटात. दुसरी गोष्ट शमुवेलातली. शौल राजाने घराभोवती पहारा बसवलाय, सकाळी दाविदाला मारायचा बेत आहे. त्याची बायको मीखल, जी शौलाचीच मुलगी, त्याला खिडकीतून खाली सोडते, बिछान्यात मूर्ती निजवते, डोक्याशी बकरीच्या केसांचं काहीतरी ठेवते (पुन्हा बकरी!), वर पांघरूण घालते आणि शिपायांना सांगते की ते आजारी आहेत.

प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९. आणि आग्रा, ऑगस्ट १६६६. आजारपणाचं निमित्त, मिठाईचे पेटारे, आणि पलंगावर पांघरूण घेऊन, अंगठीचा हात तेवढा बाहेर ठेवून निजलेला हिरोजी फर्जंद, जसा बखरींनी तो आपल्यापुढे उभा केला. वेगळ्या भूमीतल्या, दोन-अडीच हजार वर्षांच्या अंतराच्या या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही आणि लावूही नये. फक्त ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं. आग्र्याच्या सुटकेला कपट म्हणणारा मराठी माणूस मला भेटलेला नाही. 'गनिमी कावा' या शब्दातला गनीम म्हणजे शत्रू, आणि मोगलांच्या कागदांत गनीम म्हणजे मराठे. समोरच्याने ठेवलेलं नाव आपण अंगाखांद्यावर मिरवलं, इतकं की आता त्यातला दंश कोणाला जाणवत नाही.

हे सगळं दुबळ्याच्या बाजूने झालं. पोथी इतकी भाबडी नाही. गथच्या आखीश राजापुढे दाढीवर लाळ गाळत वेड्याचं सोंग घेणारा पळपुटा दाविद तिला चालतो. तोच दाविद राजा झाल्यावर उरीयाची बायको घेतो आणि उरीयाला युद्धात आघाडीवर उभं करून मागे हटा, अशी चिठ्ठी उरीयाच्याच हातून सेनापतीकडे धाडतो. हीही युक्तीच. आता मात्र नाथान संदेष्टा येतो, एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची बनावट गोष्ट सांगून राजाला स्वतःविरुद्ध निकाल द्यायला लावतो. तसाच अहाब राजा. त्याला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, नाबोथ वडिलार्जित जमीन विकायला तयार नसतो. राणी ईजबेल राजाच्या शिक्क्याने पत्रं लिहिते, दोन खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथ दगडांखाली मरतो आणि जमीन राजाच्या नावे होते. सातबाऱ्याच्या मुलखात राहणाऱ्यांना यावर टीप द्यायची गरज नाही.

मी राहते मीरा-भाईंदर रस्त्यावर सिल्व्हर पार्कला. इथून ही जुनी पोथी वाटते तितकी लांब नाही. घोडबंदरचा किल्ला जवळच आहे. मुंबईची उपनगरं, ठाणे आणि आम्ही ज्या बेटावर आहोत त्याचं जुनं नाव साष्टी. सहासष्ट गावांची ती साष्टी. १५३४ सालापासून १७३७पर्यंत, चिमाजीअप्पांच्या मोहिमेपर्यंत, ती पोर्तुगीजांकडे होती. गोव्यातही एक साष्टी आहे, आणि पोर्तुगीज दोन्हींना सालसेतच म्हणत. त्या दुसऱ्या साष्टीतल्या रायतूरला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. मराठी ओवीत, रोमन लिपीत, साडेदहा हजारांहून जास्त ओव्या. त्यातलं पहिलं पुराण म्हणजे जुना करार. आदाम, नोहा, अब्राहम, याकोब, मोशे ही मंडळी मराठीत पहिल्यांदा तपशिलात आली ती तिथे.

हा स्टीफन्स कोण? विल्टशरचा इंग्रज. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणं धोक्याचं होतं. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत कॅथलिक मित्राबरोबर तो देशभर हिंडायचा, तो त्या मित्राच्या नोकराचं सोंग घेऊन. पुढे रोमला जाऊन येशूसंघी झाला, ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्याला उतरला आणि उरलेली चाळीस वर्षं तिथेच राहिला. इंग्लंडात राहिलेल्या त्याच्या पंथबंधूंना पोलिसी झडतीत 'या घरात पाद्री आहे का' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हा रोजचा पेच होता. त्यांनी एक सिद्धांत काढला: अर्धं वाक्य मोठ्याने बोला, उरलेलं मनात पुरं करा, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. हेन्री गार्नेट याने यावर प्रबंधच लिहिला, आणि १६०६ साली त्याला लंडनमध्ये फाशी दिलं तेव्हा तो प्रबंध त्याच्याविरुद्ध वापरला गेला. राशीचा श्वास, युधिष्ठिराचा कुंजर आणि गार्नेटचं मनातलं वाक्य, तिघांची जात एक. त्यांच्या पाठीशी संत ऑगस्टीन होता. याकोबाने केलं ते असत्य नव्हे, ते गूढ आहे, असं तो पाचव्या शतकातच सांगून गेला होता.

क्रिस्तपुराण हेही एक प्रकारचं वेषांतर, असं कोणी म्हणेल. ओवी आपली, पुराणाचा घाट आपला, आवाज रोमचा. मला तो आरोप पुरता पटत नाही. सोंग घेणाऱ्याला निघून जायचं असतं. हा माणूस मराठीचं कौतुक करत तिच्यात मुरून गेला. खरी गंमत नंतरची. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं, आणि ज्या पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या त्यांची छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. हाताने उतरवलेल्या पोथ्यांमधून ते वाचलं, आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापलं गेलं.

आमच्या भागात घर भाड्याने शोधणाऱ्याला पहिला प्रश्न नावाचा असतो आणि दुसरा ताटाचा. आमच्या मजल्यावर काही महिने राहिलेल्या एका कोकणी कुटुंबाने दुसऱ्या प्रश्नाला 'आम्ही नाही खात' असं उत्तर देऊन जागा मिळवली होती. त्यांचे सुके बोंबील तीन पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा धान्याच्या पिंपात असे. बोंबील भाजायचे झाले की आधी धूप लावत. वहिनी मला हे सांगताना हसत होत्या, आणि मधेच थांबून दाराकडे बघत होत्या. याला मी कोणता शब्द लावणार? नाव विचारल्यावर आडनाव गिळणारे, नुसतं 'सॅम' किंवा 'राजू' म्हणणारेही याच रस्त्यावर आहेत. त्यांच्या बाबतीत तर प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरावर हक्कच नाही, असं माझं मत आहे.

माशांवरून माणूस ओळखायची गोष्ट आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे, फक्त ती उलट्या बाजूने सांगतात. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, तिथून बेने इस्राएल समाज वाढला अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पोथी हरवली होती, हिब्रू विसरली होती. मग दाविद राहाबी नावाचा कोणी जाणता ज्यू आला. हे आपलेच लोक आहेत की काय, हे ठरवायला त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे टाकले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. मोशेच्या नियमात तसंच आहे. ही परीक्षा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, हा या गोष्टीतला मुद्दा. ओळखा पाहू.

या लोकांनी स्वतःला यहुदी म्हणवलं नाही, बेने इस्राएल म्हणवलं, म्हणजे इस्राएलची लेकरं. आणि इस्राएल कोण? याकोबच. वीस वर्षांनी घरी परतताना, एसाव चारशे माणसं घेऊन समोरून येतोय या धास्तीत, याब्बोक ओढ्याकाठी रात्रभर एक अनोळखी पुरुष त्याच्याशी झोंबतो. पहाटे तो विचारतो, तुझं नाव काय? बापाने विचारलेलाच प्रश्न. या वेळी तो सांगतो, याकोब. टाच मारणारा. तेव्हा त्याला दुसरं नाव मिळतं, आणि तो लंगडत ओढा ओलांडतो.

कोकणात ही लेकरं दिवेकर, पेणकर, अष्टमकर, रोहेकर झाली. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होता आणि टिपूच्या कैदेत पडला. कैद्यांना मारायला काढलं तेव्हा कोण तू असं विचारल्यावर तो म्हणाला, बनी इस्राएल. कुराणात आलेलं हे नाव टिपूच्या आईने ओळखलं आणि त्याला सोडवलं, असं समाजात सांगतात. सुटून आल्यावर १७९६ साली त्याने मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्याला त्यांना ख्रिस्ती करायचं होतं. त्यांनी हिब्रू घेतलं आणि ख्रिस्त विनयाने परत केला. १८८०मध्ये काही तरुणांनी आपल्या पूर्वजांची कीर्तनं मराठीत रचायला सुरुवात केली, साकी, दिंडी, अभंगासकट. झांजांच्या साथीने अब्राहम आणि योसेफ उभे राहिले.

राशीची भीती म्हणाले होते ती अशी. युरोपात याकोबाची गोष्ट ज्यूंच्या गळ्यात बांधली गेली. तुमचा मूळपुरुषच ठक, तर तुम्ही कोण असणार? शेक्सपियरचा शायलॉक पहिल्याच अंकात व्याजाचं समर्थन करताना याकोबाने लाबानच्या मेंढरांत केलेली हिकमत सांगतो, आणि अंतोनियो म्हणतो की सैतानही शास्त्र सांगू शकतो. राशी गेला त्याच्या नऊ वर्षं आधी, १०९६ साली, पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्या कापून काढल्या होत्या. तरुणपणी तो तिथेच शिकला होता. ज्यूंच्या जुन्या कथाकारांनी स्वतःशी मात्र सवलत घेतली नव्हती. एसावाने आशीर्वाद गमावल्यावर फोडलेला मोठा, कडू हंबरडा पोथीत आहे. ते म्हणतात, याकोबाने तो हंबरडा फोडायला लावला, आणि त्याची फेड शूशन नगरीत झाली, जेव्हा साऱ्या ज्यूंना मारायचा हुकूम निघाला आणि मर्दखयाने तसाच हंबरडा फोडला. कोकणात असं काही घडलं नाही. इथे शेजाऱ्यांनी यांना शनिवारी सुट्टी घेणारे तेली एवढंच म्हटलं.

तो प्रश्न त्यांना विचारला गेला तो इथून गेल्यावर. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. १९६२ साली तिथल्या मुख्य रॅबिनेटने लग्न लावणाऱ्या अधिकाऱ्यांना आदेश काढला की बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा. ज्यांचं नावच इस्राएल, त्यांना इस्राएलमध्ये तुम्ही कोण म्हणून विचारलं गेलं. १९६४च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले, धरणं धरलं, संसदेत चर्चा झाली, सरकारने जाहीर केलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. मग रॅबिनेटने आदेशातून बेने इस्राएल हे शब्द काढले आणि त्या जागी, ज्यांच्या घराण्याबद्दल शंका असेल असे कोणीही, अशा अर्थाचे शब्द घातले. राशीला ही फोड पाहून बरं वाटलं असतं. लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना इथल्या मराठी बोलणाऱ्या घरांतून लग्नं पुन्हा लागू लागली, आदल्या रात्रीच्या मेंदीसकट.